सुई, लेखणी आणि भिंतीवरचा चौक

दहावीचें वर्ष उजाडलें कीं आमच्या सुशिक्षित घरांत एक नवा कायदा लागू होतो. पहिल्या दिवशीं दूरदर्शनचा संच मुका होतो, दुसऱ्या दिवशीं मोबाइल कपाटांत जातो, आणि तिसऱ्या दिवशीं मुलीच्या हातांतील क्रोशाची सुई, लोकरीचे गुंडे व रंगांची पेटी हीं सारीं माळ्यावर चढतात. पहिल्या दोन कलमांविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. तिसरें कलम मात्र फारसा विचार न करितां पहिल्या दोहोंच्या शेपटास बांधलेलें आहे, असें आम्हांस पुष्कळ वर्षांच्या अध्यापनानंतर वाटूं लागलें आहे. आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे.

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें या प्रश्नावर दोन पक्ष हमखास पडतात. आई म्हणते, "आतां वर्षभर वही आणि पुस्तक, दुसरें कांहीं नको. पुढें जन्मभर विणीत बस." आजी म्हणते, "अग, हात बांधून ठेवले म्हणजे डोकें चालतें, असें तुला कुणीं सांगितलें? मी मॅट्रिक झालें ती धाकट्या दिराच्या पाळण्याची दोरी ओढीत ओढीत." काका वर्तमानपत्र खालीं न घेतां "दोघींचेंही बरोबर आहे" असा निकाल देतात आणि चहा मागतात. ज्या मुलीविषयीं हा वाद चालतो तिला कोणी विचारीत नाहीं. ती आपली सुई कोठें ठेवली आहे हें मनांत टिपून ठेवते.

आईची भीति खोटी नाहीं, हें आरंभींच कबूल केलें पाहिजे. एका गुणानें प्रवेश हुकतो, आणि हुकलेला प्रवेश पुढच्या चार वर्षांचें रूप पालटून टाकतो. विणकामाची गोडी ही गोडीच आहे. एक ओळ झाली कीं दुसरी हवी, दुसरी झाली कीं नक्षीचा पाठ पुरा करावासा वाटतो, आणि तेवढ्यांत भूमितीचा तास उलटून जातो. असें घडतें. परंतु दोष सुईचा कीं सुईला वेळ नेमून न दिल्याचा, हा निराळा प्रश्न आहे.

आमच्या पूर्वजांनीं या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी मानल्या होत्या, असें दिसत नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तींत आलेख्य म्हणजे चित्रकला आहे, तण्डुलकुसुमबलिविकार म्हणजे तांदूळ व फुलें यांची मांडणी आहे, सूचीवानकर्म म्हणजे सुईचें व विणीचें काम आहे. आणि त्याच यादींत, त्याच दमांत, पुस्तकवाचन, काव्यसमस्यापूरण, अभिधानकोश व छंदोज्ञान हींही आहेत. यादी करणारानें ग्रंथ एकीकडे आणि सुई दुसरीकडे अशी भिंत मध्यें घातली नाहीं. ती भिंत पुढें केव्हां तरी उभी राहिली. तिच्या एका अंगास पीठ, सुई व रांगोळी घेऊन बायका बसल्या, आणि दुसऱ्या अंगास पोथी घेऊन पुरुष. गेल्या शतकांत बायका पोथीकडे आल्या हें उत्तमच झालें. पण येतांना हातांतलें सारें पलीकडे टाकूनच यावें लागतें, अशी एक समजूत त्या वाटेवर कोणी तरी पेरून ठेवली. वास्तविक ज्यांनीं ही वाट पाडली त्यांची तशी समजूत नव्हती. रमाबाई रानडे यांनीं पुण्याच्या सेवासदनांत अक्षरओळख आणि शिवणकाम हीं एकाच छपराखालीं चालविलीं, तीं एकमेकांस मारक आहेत असें समजून खास नव्हे.

हें आम्ही डहाणूस बसून लिहीत आहों, आणि येथें हा प्रश्न नुसता घरगुती राहत नाहीं. स्टेशनाच्या पश्चिमेस समुद्र, इराणी मंडळींच्या चिकूच्या वाड्या, झोपाळे टांगलेल्या रुंद पडव्यांचे जुने बंगले. पूर्वेस महामार्ग ओलांडला कीं जमीन उंच होत जाते, आणि गुजराथ व दादरा-नगरहवेली यांच्या सीमांस भिडलेल्या तलासरी तालुक्यांत वारली, कोंकणा, धोडी या लोकांचे पाडे सुरू होतात. १९१४ सालीं काय, १९४५ सालीं वेठबिगारीविरुद्ध वारली उठले तेव्हां काय, किंवा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हां काय, या पाड्यांतील कुडाच्या भिंतीवर एक गोष्ट न चुकतां होत आलेली आहे. घरांत लग्न ठरलें कीं तेथील सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. चौक झाल्यावांचून लग्न लागत नाहीं.

हा चौक कसा होतो, तें थोडें विस्तारानें सांगतों; कारण आमच्या घरांतून वारली चित्रें टांगलेलीं पुष्कळ दिसतात, पण त्यांचें मूळ ठाऊक असलेलें घर विरळा. कुडाची भिंत आधीं शेणानें सारवितात आणि तिला तांबड्या मातीचा किंवा गेरूचा हात देतात. तांदूळ भिजवून, वाटून त्याचें पांढरें पाणी करितात. चिकटपणासाठीं डिंक घालतात. बांबूची बारीक काडी टोंकाशीं चावून तिचा कुंचला करितात. रंग एवढाच, साधन एवढेंच. मग मध्यें एक मोठा चौरस येतो; त्याच्या चारी अंगांस नक्षीचे पट्टे एकाबाहेर एक वाढत जातात; आणि आंत पालघाट देवी बसते. ती लग्नाची आणि सुफलतेची देवता. तिच्या सभोंवतीं सूर्य, चंद्र, झाडें, माणसें. जवळच लहान देवचौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो. लग्नाचीं गाणीं म्हणून विधि चालविणारी धवलेरी ही स्त्रीच असते. म्हणजे लिहिणाऱ्या स्त्रिया, गाणारी स्त्री, आणि लग्न लावण्याचा अधिकारही स्त्रीचा! आमच्या शास्त्री मंडळींनीं ही गोष्ट जरा शांतपणें वाचावी.

आमच्या वाचक-भगिनींस हें सर्वस्वीं परकें वाटण्याचें कारण नाहीं. चैत्र लागला कीं अंगणांत चैत्रांगण घालण्याची चाल अजून कांहीं घरांत आहे. चंद्र, सूर्य, शंख, गोपद्में, गौरीचा झोपाळा हीं चिन्हें ओळीनें मांडलीं जातात, आणि कोणतें चिन्ह कोठें तें सासू सुनेला शेजारीं बसवून सांगते. तीही एक लिपीच आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकावांचून एका हातांतून दुसऱ्या हातांत जात आली आहे. फरक इतकाच कीं आम्हीं तिला सणाची हौस म्हणून बाजूस ठेवलें, आणि वारल्यांनीं ती लग्नाच्या गांठीशीं बांधून ठेविली.

आतां अभ्यासाकडे वळतों. नोकरीच्या काळांत तलासरीकडील एका शाळेंत आम्ही संस्कृत आणि गणित शिकवीत होतों. लग्नसराईंत पाड्यांवरील मुली चार-चार दिवस येत नसत. कुमारिकेनें चौक लिहावयाचा नसतो, पण वडील बायकांच्या शेजारीं बसून पाहिल्यावांचून पुढें तिला तो येणार कसा? शाळेचें म्हणणें असें कीं या लग्नांपायीं मुलींचें शिक्षण बुडतें. घरचें म्हणणें असें कीं शाळेपायीं चौक बुडतो. दोन्ही म्हणणीं आपापल्या जागीं खरीं होतीं. एका वर्षीं आठवींतील एक फार तल्लख मुलगी अशाच चार दिवसांनंतर परत आली, तेव्हां तिला घटकचांचणी चुकविल्याबद्दल दिवसभर वर्गाबाहेर उभें केलें. दुसऱ्या दिवशीं ती आली नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. ती पुन्हा कधींच आली नाहीं. उपस्थितिपत्रकावर तिच्या नांवापुढें महिनाभर रेघा पडल्या, आणि मग तें नांव खालच्या रकान्यांत गेलें.

दोन वर्षांनीं दुसरी एक मुलगी अशीच गैरहजर राहून आली. त्या वेळीं वर्गांत भूमिति चालू होती. दोन रेषा एकमेकींस छेदल्या म्हणजे समोरासमोरचे विरुद्ध कोन समान असतात, हा पाठ होता. आम्हीं फळ्यावर दोन छेदणाऱ्या रेषा काढल्या आणि वर-खालचीं तोंडें मिटवून दोन त्रिकोण केले, एक उताणा, एक पालथा, टोंकाशीं टोंक लागलेले. मागच्या बांकावरून तिचा हात वर झाला. तिचें म्हणणें असें कीं हा तर माणूस झाला. वरचा त्रिकोण छाती, खालचा कंबर, आतां डोकें आणि हातपाय द्या. सारा वर्ग हंसला. आम्हीं तिलाच फळ्याशीं बोलाविलें, आणि तिनें खडूच्या सात-आठ रेघांत नाचणारा एक गडी उभा केला. मग आम्हीं विचारलें, वरचा कोन रुंद केलास तर खालच्याचें काय होईल? तिनें क्षणभर गड्याकडे पाहिलें आणि सांगितलें कीं तोही तितकाच उघडेल, नाहीं तर माणूस मोडेल. विरुद्ध कोनांची याहून चांगली सिद्धता त्या वर्गांत आम्हीं ऐकली नाहीं. ती मुलगी दहावी झाली, आणि पुढें आपल्याच पाड्याच्या अंगणवाडींत सेविका म्हणून लागली. चौकही लिहिते.

अंगणवाडी हा शब्द याच भूमींतला आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें. ताराबाई मोडक या पदवीधर विदुषी. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें, १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ सालीं त्या डहाणू तालुक्यांतील बोर्डी गांवीं आल्या. पुढें १९५७ च्या सुमारास तें काम घोलवडजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें त्यांस दिसलें कीं मूल बालवाडींत येत नाहीं, कारण तें धाकट्या भावंडास सांभाळतें. तेव्हां त्यांनीं बालवाडीच पाड्याच्या अंगणांत नेली. मोठें मूल शाळेंत येत नाहीं, कारण तें गुरें राखतें. तेव्हां शाळा कुरणांत नेली, आणि तिला कुरणशाळा हें गोड नांव मिळालें. विलायती शिक्षणसाधनें परवडण्यासारखीं नव्हतीं. त्यांच्या जागीं शिंपले, बिया, पानें, खडे आणि माती आली. १९७५ सालीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां अंगणवाडी हें नांव साऱ्या देशांत गेलें.

आमच्या विषयास येथें जें उपयोगी आहे तें हें. ताराबाईंनीं मुलास "आधीं गुरें सोड, मग शीक" असें म्हटलें नाहीं. हातांतलें काम तसेंच राहूं दिलें आणि त्याच्या शेजारीं अक्षराला जागा करून दिली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचें तर स्वतःचें आयुष्य हाच याचा दाखला होय. १९१० सालीं जन्म, बालपणींच विवाह आणि अवघ्या कांहीं महिन्यांत वैधव्य. दिवसा शिक्षिकेची नोकरी करून रात्रीच्या शाळेंतून १९३७ सालीं मॅट्रिक. आणि कोसबाडचा सारा संसार अंगावर असतांना १९६१ सालीं, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं पदवी. आधीं एक संपवूं, मग दुसरें धरूं, असें म्हणत बसल्या असत्या तर त्यांच्या वाट्यास यांतलें कांहींच आलें नसतें.

आतां तुमच्या घरांतील सुईचें काय करावें? आम्ही विणीत नाहीं. पण आमच्या घरांत आई, पत्नी, सून आणि नात अशा चार पिढ्यांच्या सुया आम्हीं जवळून पाहिल्या आहेत. डहाणूच्या दमट हवेंत लोकरीचा स्वेटर अंगांत घालणारा मनुष्य सापडणें कठीण, म्हणून येथें विणलेलें सारें नाशिकच्या नाहीं तर विलायतेंतल्या भाच्यांस जातें. घरांत उरतो तो सुती दोऱ्याचा क्रोशा. असो. आमचें निरीक्षण असें कीं विणकाम दोन जातींचें असतें. एक सरळ सुलट विणीचें, ज्यांत हात चालतो आणि मन मोकळें राहतें. दुसरें नक्षीचें, ज्यांत टाके मोजावे लागतात आणि मन पुरतें गुंततें. पहिल्याबरोबर पाठांतर फार छान चालतें. आमच्या नातीनें "देव" शब्दाच्या सगळ्या विभक्ति दोन ओळींस एक विभक्ति या हिशेबानें पाठ केल्या. हात थांबला कीं कोठें अडली तें आजीस न विचारतां कळे. दुसऱ्या जातीच्या विणीबरोबर मात्र बीजगणित करूं जाल तर वीणही बिघडेल आणि उत्तरही. तें काम रात्रीच्या जेवणानंतर, पुस्तक मिटल्यावर.

वेळ घड्याळानें नेमूं नये, ओळींनीं नेमावा, असें आमच्या घरीं ठरलें आहे. "अर्धा तास" म्हटलें कीं त्याचा पाऊण तास होतो. "दहा ओळी" म्हटलें कीं अकरावी ओळ घालणारीस स्वतःलाच ती दिसते. शिवाय विणींत गणित आहे, तेंही वाया घालवूं नये. दोन सुलट, दोन उलट अशा काठाच्या विणीस सुईवर चाळीस टाके घातले तर आरंभीं दोन सुलट येतील आणि शेवटीं दोन उलट. दोन्ही कडा सारख्या दिसावयाच्या तर बेचाळीस घातले पाहिजेत. कां? चारच्या पटींत दोन मिळवा, हें सूत्र मुलीला सांगूं नका. दोनदां उसवूं द्या. तिसऱ्यांदा ती आपण होऊन सांगेल. उसवणें हेंही एक मोठें शिक्षण आहे. वहींतली चूक खोडतां येते आणि खोडलेली दिसते. विणींतली चूक पाठीमागें सहा ओळींवर जाऊन शोधावी लागते, आणि ती सुधारली कीं मागमूस राहत नाहीं. ज्या मुलीनें सहा ओळी न रडतां उसवल्या, ती गणितांतली गफलत शोधतांना चिडत नाहीं, हा आमचा अनुभव.

परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत काय? तेव्हां आईचा पक्ष बरोबर आहे. नवें काम सुईवर चढवूं नये. चढलेलें असेल तर तें दिसेल अशा जागीं ठेवावें, माळ्यावर नव्हे. लपविलेली वस्तु मनांत अधिक जागा अडविते.

गृहशोभेचा विषय याला लागूनच येतो. हल्लीं जुन्या वस्तूंनीं घर सजविण्याची आवड फार वाढली आहे, आणि ती आम्हांस आवडते. पण तिचा एक प्रकार पाहून मौज वाटते. घरांतली समई, घंगाळ, फिरकीचा तांब्या हीं मोडींत वजनावर घालावयाचीं, आणि दुसऱ्या कुणाच्या आजीचीं तींच भांडीं दुकानांतून दसपट किंमतीनें विकत आणावयाचीं! जी वस्तु कोणाची होती, कशासाठीं होती हें घरांतल्या एकासही ठाऊक नाहीं, ती जुनी असून काय उपयोग? ती नुसतीच वापरलेली. आमची सूचना साधी आहे. सुटीच्या दिवशीं मुलांनीं एक वही करावी, आणि घरांतील प्रत्येक जुन्या वस्तूस एक पान द्यावें. आजीला, आत्याला, थोरल्या काकूंना विचारून नांव, उपयोग, कोणाच्या लग्नांत आली, कोठून आली तें लिहावें, शेजारीं पेन्सिलीनें चित्र काढावें. लाकडी शेर सांपडला तर चार पावशेरांचा शेर, चाळीस शेरांचा मण हें कोष्टक येईल. आणि तें कोष्टक शाळेंत कां नाहीं असें मुलानें विचारलें म्हणजे दशमान मापांचा १९५६ सालचा कायदा सांगतां येईल. पानाची चंची, अडकित्ता, रोवळी, लामणदिवा, मोत्यांचें तोरण, रुखवतांतील भरतकामाचे रुमाल... एका मोठ्या घरांत अशा वहीचीं शंभर पानें सहज भरतील. मग कोणती वस्तु ओसरीवर मांडावी आणि कोणती पेटाऱ्यांत ठेवावी, हें मुलेंच ठरवितील, आणि तें दुकानदाराच्या मांडणीहून चांगलें ठरवितील. इतिहासाच्या पुस्तकांत न सांपडणारा इतिहास हाताला लागतो, हा वरचा लाभ.

आतां भिंतीवर टांगावयाच्या वारली चित्राविषयीं. त्याचें पाड्याच्या भिंतीवरून कागदावर येणें हा अगदीं अलीकडचा इतिहास आहे. भास्कर कुलकर्णी नांवाचे चित्रकार होते. १९६६-६७ च्या दुष्काळाच्या वेळीं पुपुल जयकर यांनीं त्यांस बिहारांत मिथिलेस पाठविलें, आणि तेथील स्त्रियांच्या हातीं त्यांनीं कागद दिला. पुढें १९७० नंतरच्या वर्षांत ते आमच्या या भागांत आले. चौक लिहिणाऱ्या स्त्रियांच्या परिसरांत त्यांस एक पुरुष भेटला, जो विधीच्या कारणावांचून, नुसत्या ओढीनें चित्रें काढीत होता. ते जिव्या सोमा मशे. जन्म १९३४, तलासरी तालुक्यांतील धामणगांवचा. लहानपणींच आई गेली, आणि त्या धक्क्यानें मूल बोलेनासें झालें. मातींत रेघा काढून काय तें सांगे, अशी त्यांची हकीकत सांगतात. अकराव्या वर्षीं ते डहाणू तालुक्यांत आले आणि गंजाडच्या बाजूस कळंबीपाड्यास राहिले. १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार, २०११ सालीं पद्मश्री, आणि १५ मे २०१८ रोजीं मृत्यु. त्यांचीं चित्रें युरोपांतील कलासंग्रहालयांत लागलीं, पण विषय शेवटपर्यंत पाड्याचेच राहिले: मासेमारीचें जाळें, भाताची लावणी, मुंग्यांचें वारूळ, तारपा. जाळ्याचीं चित्रें मिळालीं तर अवश्य पाहावीं. हजारों बारीक रेघांनीं विणलेलें तें जाळें पाहून आमच्या नातीनें पहिला प्रश्न केला तो असा, कीं याचे टाके किती असतील! विणणाऱ्याची दृष्टि ही अशी. रसग्रहणावरचीं व्याख्यानें ऐकून तो प्रश्न सुचत नाहीं.

विष्णुधर्मोत्तर पुराणांत एक मोठा मार्मिक संवाद आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ति घडविण्याची विद्या मागतो. ऋषि म्हणतात, त्यास आधीं चित्रविद्या आली पाहिजे. चित्र शिकूं म्हणाल तर आधीं नृत्त जाणलें पाहिजे. नृत्तास वाद्य हवें, आणि वाद्यास गीत. म्हणजे राजा मूर्तीसाठीं आला तो गाण्यापर्यंत मागें गेला. आमच्या विद्यार्थिदशेंत हा प्रसंग आम्हांस नुसता शब्दविस्तार वाटे. तारप्याचा नाच पाहिल्यावर त्यांतला अर्थ उलगडतो. वाळलेला दुध्या, बांबूच्या नळ्या आणि ताडाचें पान यांचा तो तारपा. वाजविणारा मध्यें, आणि नाचणारांची सांखळी त्याच्याभोंवतीं गुंडाळत जाते. चित्रांत तीच सांखळी शंखाच्या वेढ्यासारखी दिसते. ती वरून पाहिल्यासारखी कां काढली, माणसें आडवीं-उभीं कां, जवळचा मोठा व दूरचा लहान असा भेद कां नाहीं, हे प्रश्न नाच पाहिलेल्यास पडत नाहींत. कारण नाचणाऱ्यास जवळचा-दूरचा असा भेद नसतो, त्याला सारी सांखळी एकदम ठाऊक असते.

मुलांस चित्र पाहावयास शिकवावयाचें तर येथूनच आरंभ करावा. आधीं मोजूं द्या: त्रिकोण किती, वर्तुळें किती, चौरस कोठें. मग ओळखूं द्या: डोक्यामागें अंबाडा असलेली ती स्त्री. मग विचारा: हे लोक कोणत्या ऋतूंत आहेत? लावणी आहे कीं मळणी? मुलें काढूं म्हणतील तर वहींत खुशाल काढूं द्यावीं. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसणाऱ्या मुलास या सरावाचा तोटा होणार नाहीं. एका बाबतींत मात्र आम्ही कडक आहों. लग्नाचा चौक, पालघाट देवीसह, जसाच्या तसा बैठकीच्या भिंतीवर शोभेस काढूं नये. आमच्या देवघरांतील टाक उचलून कोणी पाहुण्यांच्या खोलींत फुलदाणीशेजारीं मांडले तर आपणांस कसें वाटेल? नाच काढा, शेत काढा, झाड काढा. देवी तिच्या घरीं राहूं द्या.

आणि चित्र विकत घ्यावयाचें तर कप-बशांवर आणि तबकांवर यंत्रानें छापलेलें घेऊं नये. वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, तरीही छापील मालाचा सुळसुळाट आहेच. डहाणूस उतरून गंजाडच्या बाजूस गेलें, तर काढणारा हात समोर बसलेला सांपडतो. मुलांस बरोबर न्यावें, चित्रांत काय आहे तें त्यालाच किंवा तिलाच विचारावें, "अहो-जाहो" करून विचारावें, आणि घासाघीस करूं नये. बहुतेक चित्रकार आतां तांदुळाच्या पिठाऐवजीं तयार पांढरा रंग वापरतात. खऱ्या पिठाचें चित्र मिळालें तर त्याची निगा अधिक. चौकटींत बसवितांना कागद कांचेस टेकूं देऊं नये, मध्यें पुठ्ठ्याची पट्टी घालावी. आणि पावसाच्या चार महिन्यांत, निदान आमच्या समुद्राकांठच्या हवेंत, तें बाहेरच्या ओल्या भिंतीवर न टांगतां आंतल्या कोरड्या भिंतीवर हलवावें, नाहीं तर श्रावणापूर्वीं बुरशी धरते.